‘होय, मी अठरा वर्षांचा आहे’ या बटणाच्या मालकांस

संकेतस्थळं, ॲप आणि गेम चालवणाऱ्या तमाम मालकांनो,

‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ हा मायना मी मुद्दाम गाळला आहे. सप्रेम म्हणावं असं तुम्ही काही केलेलं नाही आणि विनंती करायची वेळ मागेच निघून गेली. तुमच्या दारावर एक बटण असतं, ‘होय, माझं वय अठरा वर्षं पूर्ण आहे’ असं लिहिलेलं. हे पत्र त्या बटणाबद्दल आहे. तुमच्यापैकी कुणी मोठ्यांसाठीची चित्रं दाखवतं, कुणी मालिका दाखवतं, कुणी पत्ते खेळवतं, कुणी अनोळखी माणसाशी गप्पा जुळवून देतं. धंदे वेगवेगळे, दार मात्र सगळ्यांचं सारखं. त्या दारावरचा तुमचा राखणदार येणाऱ्यालाच विचारतो, ‘तू लहान नाहीस ना?’ आणि तो ‘नाही’ म्हणाला की बाजूला होतो. असा राखणदार झोपलेला नसतो. त्याला तसंच वागायला सांगितलेलं असतं.

मी राधानगरीत आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. कोल्हापूर जिल्ह्यातला हा घाटाला लागून असलेला तालुका. राजर्षी शाहू महाराजांचं धरण आणि दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य सोडलं तर आमचं नाव फार लांब जात नाही. तुमच्या कचेरीत कुणाला नकाशात राधानगरी दाखव म्हटलं तर त्याचं बोट कोकणात नाहीतर कर्नाटकात जाईल. तुमच्या यंत्राला मात्र हे गाव पक्कं ठाऊक आहे. माझ्या फोनवर गावाच्या नावासकट जाहिराती येतात, ऊसलावणीच्या दिवसांत खताच्या आणि लग्नसराईत सोन्याच्या. एवढं ज्याला कळतं, त्याला फोन बापाच्या हातात आहे की लेकराच्या, हे कळत नाही यावर मी विश्वास ठेवायचा?

माझ्या टेबलावर दिवसभर वय सिद्ध करायचंच काम चालतं. दहावी-बारावीचे निकाल लागले की पोरं ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास’ प्रमाणपत्रासाठी रांग लावतात. वय हा शब्द त्या दाखल्याच्या नावातच पहिला आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, नाहीतर जन्माचा उतारा. रहिवासाचा पुरावा लागतो, स्वयंघोषणापत्र लागतं. सगळं स्कॅन करून चढवायचं, मग तहसील कार्यालयात तपासणी. नावातला एक काना इकडचा तिकडे झाला तरी अर्ज परत येतो आणि पोराला वाडीवरून पुन्हा एसटीचं तिकीट काढून यावं लागतं. हे सोपं व्हायला हवं, याबद्दल मी इथे रोज भांडतो. पण निदान इथे वय ही गोष्ट कुणीतरी खरी मानतं.

एसटीचंच बघा. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात एसटीचा प्रवास मोफत आहे. आमच्याकडच्या वस्त्यांवरून येणाऱ्या म्हाताऱ्या पदराच्या गाठीत आधार कार्ड बांधून येतात. चेहऱ्यावर ऐंशी पावसाळे स्पष्ट दिसत असतात, तरी कंडक्टर कार्ड बघतो, साल वाचतो आणि मगच शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. त्याला त्याचा हिशोब द्यायचा असतो. एका आजींचं कार्ड दुरुस्त करायचं होतं म्हणून मी जन्मतारीख विचारली. त्या म्हणाल्या, “मला काय ठावं बाबा! धरणाच्या दारांचं काम चाललं हुतं, तवा मी शेरडं राखत हुते.” मास्तरांनी जी तारीख लिहिली ती आमच्याकडच्या जुन्या पिढीची जन्मतारीख. शाळेत घालताना वय बसवायला एक जून लिहायची पद्धतच होती. त्यामुळे आमच्या गावात एक जूनला जन्मलेली माणसं ढिगानं सापडतील. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या आजींच्या नशिबी तेवढीही तारीख नव्हती. त्यांना एसटीच्या सवलतीसाठी आपलं म्हातारपण कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि तेरा वर्षांच्या पोराला तुमच्या दारात फक्त अंगठा टेकवावा लागतो.

ते कसं घडतं हे मी माझ्या बाकावरच पाहिलं आहे. एक शेतकरी फार्मर आयडीच्या नोंदणीसाठी आला होता. सोबत सातवी-आठवीतला मुलगा. बापाचा फोन मुलाच्या हातात, कारण तो चालवता येतो तो मुलालाच. मी अर्ज भरताना नाव, गट नंबर, जन्मतारीख मोठ्याने वाचून घेत होतो. बापाची जन्मतारीख अर्थातच एक जून. बाकावर मुलाच्या हातातल्या पडद्यावर तारखेची तीन चाकं आली होती, दिवसाचं, महिन्याचं आणि सालाचं. त्याने सालाच्या चाकावर अंगठ्याने एक झटका दिला. वर्षं भराभरा मागे पळाली, त्याच्या स्वतःच्या जन्माच्या मागे, त्याच्या थोरल्या बहिणीच्या मागे, आणि ऐंशीच्या दशकात येऊन थांबली. मग एक. मग जून. नुकतीच कानावर पडलेली बापाची तारीख त्याने जशीच्या तशी घातली. दार उघडलं. तो घाबरला नाही, इकडेतिकडे बघितलंही नाही. चपला काढून देवळात शिरावं इतक्या सहज तो आत गेला. आत काय होतं ते मी सांगत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच ठेवलेलं आहे.

मुलगा खोटं बोलला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या अटी-शर्तींत तसं लिहिलेलंही असतं. वापरणाऱ्याने वयाबद्दल खोटी माहिती दिली तर जबाबदारी त्याची. म्हणजे आठवीतल्या पोराशी तुम्ही करार केलात आणि तो मोडल्याचा ठपकाही त्याच्यावरच ठेवलात. आपल्या कायद्याने अज्ञान मुलाशी केलेला करार करारच धरला जात नाही, हे आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणारा टंकलेखकसुद्धा सांगेल. तुमच्या पदरी तर वकिलांची फौज आहे.

आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं हेही खरं नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत यूट्यूबवर १७ कोटी डॉलर दंड बसला, तो कशासाठी हे जरा आठवा. एकीकडे ही कंपनी म्हणत होती की आमच्याकडे तेरा वर्षांखालची मुलं येतच नाहीत. दुसरीकडे हीच कंपनी खेळणी बनवणाऱ्या मॅटेल आणि हास्ब्रोसारख्या कंपन्यांना जाऊन सांगत होती की सहा ते अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत पोचायचं तर आमच्याइतकी मोठी जागा दुसरी नाही. कायद्यापुढे मूल नाही आणि जाहिरातदारापुढे मुलंच मुलं! २०२३ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने टिकटॉकला १ कोटी २७ लाख पौंडांचा दंड केला. तेरा वर्षांखालची १४ लाखांपर्यंत ब्रिटिश मुलं २०२० मध्ये ते ॲप वापरत होती, असा तिथल्या माहिती आयुक्तांचा अंदाज होता. नियम तेराचा, आणि तो कंपनीनेच लिहिलेला. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. २०२५ च्या ऑगस्टपासून अमेरिकेत यूट्यूब माणूस काय पाहतो, काय शोधतो यावरून तो अठराच्या आत आहे की बाहेर हे यंत्राकडून ओळखून घेऊ लागलं. म्हणजे हे जमतं. सरकार मागे लागल्यावर जमतं, पोरगं आत शिरताना जमत नाही.

आमच्या धरणाचं उदाहरण देतो, कारण दार कसं असावं हे त्याच्याइतकं चांगलं मला दुसरं काही दाखवता येणार नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी ३४७.५० फुटांना लागलं की एकेक दरवाजा आपोआप उघडतो, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं, आणि पातळी उतरली की दरवाजा पुन्हा मिटतो. कुणी कळ दाबायला जात नाही. तो दरवाजा पाण्याला ‘तू भरलंस का?’ असं विचारत नाही, पातळी मोजतो. खाली पंचगंगेच्या काठावर कोल्हापूर आहे, शिरोळ आहे, लाखो माणसं आहेत, याची जाण ठेवून तो बांधलेला आहे. तुमच्या दाराच्या खालच्या अंगालाही लोकवस्ती आहे. तिचं वय सहापासून सतरापर्यंत आहे.

आता दुसऱ्या दुकानांकडे बघा. तंबाखूच्या कायद्यात, म्हणजे २००३ च्या कायद्यात, अठराच्या आतल्याला तंबाखू विकायची नाही आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विकायचीच नाही. त्याखालच्या नियमांत, गिऱ्हाईक अज्ञान नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली आहे. आमच्या एसटी स्टँडजवळच्या टपरीवाल्याने ‘पोरगं म्हणालं मी अठराचा आहे’ असं सांगितलं तर त्याची सुटका नाही. टपरीला तो फाटका पत्रा लावतो, दिवसाला जेमतेम कमावतो, तरी कायदा त्याच्याकडून वय ओळखण्याची अपेक्षा धरतो. महाराष्ट्रात कडक दारूसाठी तर वयाची अट २५ वर्षांची आहे. हे सगळे नियम काटेकोर पाळले जातात असं मी म्हणत नाही, आमच्याकडे कोण काय कुठे विकतं ते मला दिसतं. पण नियम मोडला तर गुन्हेगार कोण, हे तरी तिथे ठरलेलं आहे. तुमच्या दुकानात गुन्हेगार गिऱ्हाईक ठरतं, आणि ते गिऱ्हाईक आठवीत शिकतं.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंद केले. त्याआधी रमीच्या आणि क्रिकेटची टीम लावायच्या ॲपच्या दारावर हेच बटण होतं. दूध डेअरीचा पगार बापाच्या खात्यावर जमा झाला की त्यातले शे-पाचशे कुठे गेले, हे शोधत माझ्याकडे माणसं यायची. स्टेटमेंट काढून दिलं की त्यावर ॲपचं नाव दिसायचं, आणि मग बाप दाराकडे पाठ करून बराच वेळ नुसता उभा राहायचा. त्या पोरांनीही ‘होय’ म्हटलं होतंच. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने अश्लील मजकुरासाठी २५ ॲप आणि संकेतस्थळं बंद करायला लावली, त्यांच्याही दारात दुसरं काय होतं? माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी तर मालिका-चित्रपट दाखवणाऱ्यांना प्रौढांसाठीच्या मजकुराला वय तपासण्याची भरवशाची सोय ठेवायला कधीच सांगितलं आहे. भरवशाची हा शब्द तुम्ही वाचलात आणि चार आकड्यांचा पिन ठेवलात. तो पिन आमच्या घरातल्या सगळ्यात धाकट्याला पाठ असतो.

आता जगभरात हवा बदलली आहे. २५ जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्ये प्रौढांच्या संकेतस्थळांना वय खरोखर तपासणं बंधनकारक झालं. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासचा तसाच कायदा उचलून धरला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायलाच मनाई केली. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. त्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. त्याची माहिती वापरायची तर आईबापांची पडताळता येईल अशी संमती हवी. त्याच्या मागावर राहायचं नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. हे मोडलं तर दोनशे कोटींपर्यंत दंड. नियमांनी तुम्हाला अठरा महिन्यांची मुदत दिली, ती २०२७ च्या मे महिन्यात संपते.

म्हणून अचानक तुम्हाला वय तपासण्याची घाई सुटली आहे. वय तपासून देणाऱ्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. आणि ज्या तोंडाने काल ‘आम्ही कुणाचं वय कसं ओळखणार?’ म्हणत होतात, त्याच तोंडाने आज म्हणता, ‘आधारचा फोटो पाठवा, चेहरा कॅमेऱ्यापुढे धरा.’ इथे माझं तुमच्याशी दुसरं भांडण सुरू होतं, आणि ते पहिल्याइतकंच मोठं आहे.

आधारची प्रत म्हणजे काय, हे मला विचारा. माझ्या झेरॉक्सच्या मशीनमधून दिवसभर तीच निघते. बिघडलेली प्रत मी गिऱ्हाइकासमोर फाडतो, कारण अशी एक प्रत चुकीच्या हाती पडली की तिच्यावर कुणाच्या नावाने सिमकार्ड निघेल आणि कुणाच्या नावाने कर्ज उचललं जाईल याचा नेम नसतो. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका, हॉटेलं आणि सिनेमागृहांना ती घेण्याचा अधिकार नाही. लोक घाबरले, तसं दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. मला मात्र ते पत्रक अजून पटतं. हॉटेलवाल्याला द्यायची नाही ती प्रत मी रात्री चालणाऱ्या संकेतस्थळाला द्यायची? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या, त्याही चोराने मागितल्या म्हणून?

हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपने वयाच्या तक्रारी सोडवायला लोकांकडून सरकारी ओळखपत्रांचे फोटो घेतले होते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कळलं की त्यांचं काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७० हजार जणांची अशी ओळखपत्रं चोरांच्या हाती गेली असावीत. मुलांना जपायला म्हणून घेतलेले कागद! वाईट चित्रं पाहिल्याचा पश्चात्ताप माणूस करू शकतो, पण एकदा फुटलेला ओळखपत्राचा फोटो जन्मात परत मिळत नाही.

शिवाय आधारवर वय पक्कं असतं, हा तुमचा समजही माझ्या टेबलावर टिकत नाही. २०२४ च्या जानेवारीत भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाने जन्मतारखेच्या पुराव्यातून आधार वगळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला धरा. तरी २०२५ मध्ये ऑनलाइन अश्लीलतेवर सुनावणी चालू असताना त्याच न्यायालयात आधारवरून वय तपासण्याची कल्पना पुढे आली. न्यायालयाला मुलांची काळजी आहे आणि ती रास्त आहे. पण त्या कल्पनेचा कागद उद्या तुमच्या हातात पडेल, आणि तुम्ही त्याचं काय कराल हे मला दिसतं आहे. लोकांचं नाव, क्रमांक, गाव आणि ते काय पाहतात हे सगळं एका दोऱ्यात ओवून ठेवाल.

चेहऱ्यावरून वय ओळखण्याच्या यंत्राचंही तेच. ब्रिटनमध्ये ते सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पोरांनी व्हिडिओ गेममधल्या एका पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून ते फसवलं. दुसऱ्या देशातून आल्याचं भासवणारी व्हीपीएनची ॲप तिथे डाउनलोडच्या यादीत वर गेली. आणि आमच्या उन्हातान्हात राबणाऱ्या पोरांचे राकट चेहरे तुमच्या यंत्राला चौदाचे वाटतील की चोविसाचे, याची कुणी खात्री दिली आहे?

आईबापांच्या संमतीबद्दल मला जे माहीत आहे ते दिल्लीत नियम लिहिणाऱ्यांनी आणि तुम्ही, दोघांनीही ऐकावं. आमच्या घरात ओटीपी कोण वाचतं? पोरगं वाचतं. बापाचं पीकविम्याचं काम असो, आईचं लाडकी बहीण योजनेचं असो, फोन हातात घेऊन ‘आला आकडा’ म्हणून सांगणारं पोरगंच असतं. अशा घरात बापाच्या फोनवर संमतीचा ओटीपी पाठवाल, तर ते पोराला त्याच्याच हातात परवाना दिल्यासारखं होईल. हे तुमच्या जुन्या बटणाचंच नवं रूप ठरेल, फक्त या वेळी त्यावर बापाचं नाव असेल. आणि उद्या काही झालं की तुम्ही तो ओटीपी पुढे करून म्हणाल, ‘बघा, पालकांनी होकार दिला होता.’

पालकांनी लक्ष द्यावं, हे तुमचं आवडतं वाक्य. लक्ष देतात हो! शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घरातला टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. एका खेडेगावाने आपल्या कुवतीने जे करता येईल ते केलं. तुमच्यापैकी एका तरी कंपनीने त्या दीड तासात आपल्या सूचनांची टिंगटिंग थांबवली का? आमच्याकडे पहाटे धारा काढून, दूध डेअरीवर घालून, दिवसभर उसात राबून आलेल्या बाईला संध्याकाळी पोराच्या फोनचा इतिहास तपासायला सांगणं म्हणजे आपलं काम तिच्या डोक्यावर टाकणं आहे. त्यातून २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर आली आणि नंतर पूर्ण परत गेलीच नाही. गृहपाठ अजून व्हॉट्सॲपवर येतो. फोन काढून घ्यायचा तर अभ्यासही काढून घ्यावा लागतो.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पालकाला दंड करणारा तो राजा होता, पण आधी त्याने मोफत शाळेची सोय केली आणि तिचा खर्च स्वतः उचलला. तुम्ही कसली सोय केलीत म्हणून आमच्या आईबापांना बोल लावता?

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? वय तपासा, पण आमचे कागद घेऊ नका. वयाची खूण डिजिलॉकरसारख्या सोयीतून, कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडून घेता येईल, अशी तरतूद आपल्या नियमांतच आहे. तुमच्या हाती पडावं ते फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. नाव नको, क्रमांक नको, फोटो नको, गाव नको. आणि ज्याने ते ‘होय’ दिलं त्याला ते कुठल्या दारासाठी मागितलं हे कळता कामा नये. फ्रान्समध्ये प्रौढांच्या संकेतस्थळांसाठी तिथल्या नियामकाने २०२४ मध्ये अशी दुहेरी पडद्याची पद्धत मागितली आहे. म्हणजे ही काही राधानगरीतल्या झेरॉक्सवाल्याची भाबडी कल्पना नाही. अठरा पूर्ण झालेला माणूस रात्री घरात काय पाहतो, हा त्याचा प्रश्न आहे. त्याची वही तुमच्याकडे, माझ्याकडे किंवा सरकारकडे असण्याचं कारण नाही.

आणि मुलांना अडवायचं म्हणून सगळंच कुलूपबंद करू नका. ही भीती मला खरोखर वाटते. दंडाच्या धाकाने तुम्ही पाळीबद्दलची माहिती, शरीराबद्दलची माहिती, छळ झाला तर कुठे फोन करायचा याची माहिती, हेही ‘प्रौढांसाठी’ या एकाच फडताळात कोंबाल, कारण तसं करणं तुम्हाला स्वस्त पडतं. वाडीवरची चौदा वर्षांची मुलगी हे प्रश्न घरात विचारू शकत नाही, मास्तरांना तर नाहीच. आशाताई महिन्यातून कधी भेटतील तेव्हा विचारायचं, तेही चार बायकांसमोर. तिच्यासाठी फोनवरची ती चार खरी वाक्यं मोलाची आहेत. तिला आणि बाकावरच्या त्या मुलाला तुम्ही एकाच काठीने हाकलंत, तर तुम्ही मुलांसाठी काही केलंत असं मी कधीही म्हणणार नाही.

माझ्या केंद्रात मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. कुणी येऊन म्हणालं की अमुक ॲपला वय दाखवायला आधार स्कॅन करून द्या, तर मी करून देणार नाही. त्याला आधी समजावून सांगेन, क्रमांक झाकलेलं, म्हणजे मास्क लावलेलं आधार कसं काढायचं ते दाखवेन, तरी ऐकलं नाही तर हात जोडेन. चार पैसे बुडतील ते बुडू देत. शाळेत जून उजाडला की पालकांच्या बैठकीत जाऊन ओटीपीचं हे सगळं सांगायचंही मी मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं आहे.

आता उत्तराचं. २०२३ च्या त्याच कायद्याने, तुम्ही माझी माहिती कशासाठी घेता हे मला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायला मागण्याचा हक्क दिला आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा तुमच्या वय तपासणीत कुणाची कुठली माहिती घेणार, ती कुठे ठेवणार, किती दिवसांनी पुसणार आणि फुटली तर राधानगरीच्या माणसाने कुणाच्या नावाने तक्रार करायची, हे सगळं मला मराठीत कळवा. सातवी शिकलेल्या बापाला वाचता येईल अशा मराठीत, आणि त्याखाली माणसाची सही असू द्या.

कळावे,

राधानगरीतला एक सेवा केंद्र चालक